खुंटीवरचा बिल्ला

बुधवारी सकाळी रोझलिन पेनफोल्डनं गोदामाचं दार उघडलं, तेव्हा भिंतीवरचा खाणीतला दिवा जागेवर नव्हता.

तिनं पोलिसांना फोन केला नाही. मॅव्हिस गारबटला बोलावलं. ब्रॅकनथॉर्प या खाणगावच्या शिक्षण विभागात शाळा बुडवणारी मुलं शोधून आणायचं काम मॅव्हिसचं. एके काळी त्या कामाला खोलीभर माणसं होती, आता ती एकटीच उरली होती. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. चर्चमधली प्रार्थना आटोपून ती नुसत्या चहावर आली.

गोदामात पेट्याच पेट्या होत्या. भुसा भरलेला कोल्हा, घुबड, रोमन कौलं, राणीच्या काळातल्या बाहुल्या. हे शाळांचं फिरतं संग्रहालय. रोझलिन पेट्या भरायची आणि स्टॅन ऑक्सटोबी त्या गाडीत घालून गावातल्या शाळाशाळांत पोचवायचा. मग एकेक शाळा काउन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कारभारातून बाहेर पडली. स्वतःचं मंडळ, स्वतःचा कारभार, पैसा थेट सरकारकडून. प्रत्येक शाळेनं आपापला वाटा उचलून नेला, आणि सगळ्यांच्या वाट्यांवर चालणारं संग्रहालय बंद पडलं. शुक्रवारी लिलाव होता.

"माझ्याखेरीज किल्ली स्टॅनकडेच असते," रोझलिन खालच्या आवाजात म्हणाली. "वरचे साहेब म्हणतात, दिवा सापडला नाही तर त्याच्या नावानं तक्रार जाणार."

तक्रार गेली म्हणजे काय, ते मॅव्हिसला ठाऊक होतं. अपंग मुलांच्या शाळेत स्टॅनला गाडीवर घेणार होते. चोरीचा ठपका असलेल्या माणसाला मुलांच्या आसपास कोण फिरकू देईल?

तिनं भिंतीकडे पाहिलं. लोखंडी खुंटी रिकामी नव्हती. तिच्यावर नाण्याएवढा पितळी बिल्ला लोंबत होता. त्यावर आकडा कोरलेला होता, ३१८.

"हा काय?"

"असेल दिव्याचाच काहीतरी," रोझलिन म्हणाली. ती दक्षिणेकडची, समुद्रकाठची.

मॅव्हिसनं बिल्ल्याला हात लावला नाही. तिचे वडील जन्मभर खाणीच्या दिवेघरात, खाली उतरणाऱ्यांना दिवे देण्याच्या कामाला होते.

स्टॅन मागच्या दारात गाडीच्या पायरीवर बसला होता. तो व्हिटबीच्या कोळ्यांच्या घरातला. त्यानं मान वर केली नाही.

"तूही विचारायला आलीस?"

"हो. भिंत शेवटची कधी झाडलीस?"

"काल सकाळी."

"खुंटीवर काय होतं?"

"दिवा. दुसरं काय असणार?"

"बिल्ला?"

"नव्हता. तो दिवा आला तेव्हापासून त्याच्यासोबत बिल्ला कधीच नव्हता."

"दिव्याच्या बुडावर काही कोरलं होतं?"

"तीनशे अठरा. इतक्यांदा पुसलाय, मॅव्हिस, की माझ्या वाढदिवसाआधी तो आकडा आठवतो." तो जरा हसला, मग हसू तिथंच विरलं. "संध्याकाळी कुलूप लावताना भिंतीकडे बघितलं नाही. बघवत नाही आता इकडे."

काल दिवसभरात आत कोण आलं होतं, असं तिनं विचारलं. दोघंच, स्टॅन म्हणाला. एक लंडनहून आलेला लिलाववाला हेन्शॉ. दुसरे नेव्हिल लम, काउन्सिल सोडणाऱ्या पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना काचेची कपाटं हवी होती, हातात मोठी बॅग होती.

हेन्शॉ पुढच्या खोलीत वस्तूंवर लिलावाच्या आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावत होता. त्यानं सरळ सांगितलं की त्या दिव्यात त्याला रस होता, एका खानावळीच्या मालकानं शेकोटीवर टांगायला मागितला होता. पण शुक्रवारी जो आपल्याच हातानं विकायचा, तो आधीच कोण चोरेल? मॅव्हिसला ते पटलं. बिल्ल्याबद्दल विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. त्याला ती कोटाची गुंडी वाटली होती.

मग ती टेकडीवरच्या शाळेत गेली. नवी पाटी, नवे गणवेश. नेव्हिल लमनं उठून खुर्ची दिली. तो लहान असताना एकदा तिनंच त्याला कालव्याकाठून धरून शाळेत आणलं होतं. दोघांनाही ते आठवत होतं.

तो नम्रपणे बोलला. कपाटं बघितली, रोझलिनबाई चहा आणायला गेल्या, आपण थोडा वेळ एकटेच होतो, हे त्यानं लपवलं नाही. बोलताना हातात किल्ल्यांचा जुडगा होता. अंगठा जुडग्यावरून फिरत होता, एका रिकाम्या कडीपाशी थांबत होता, पुन्हा फिरत होता.

"स्टॅनचं फार वाईट वाटतं," तो म्हणाला.

"मग दुपारी गोदामात ये," मॅव्हिस म्हणाली. "आणि ती तुझी मोठी बॅग घेऊन ये."

त्याचा अंगठा थांबला.

दुपारी रोझलिन, हेन्शॉ, स्टॅन आणि नेव्हिल भिंतीपाशी उभे होते. मॅव्हिस हळू आवाजात बोलत होती, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं.

"चोर बाहेरचा असता तर खुंटी रिकामी राहिली असती. रोझलिन, हेन्शॉ, स्टॅन, तुम्हा तिघांपैकी कुणीही दिवा नेला असता तर तिथं काहीच नसतं. पण ब्रॅकनथॉर्पच्या माणसाला ते जमत नाही. खाणीत उतरताना दिवा उचलायचा आणि त्याच खुंटीवर आपला बिल्ला लावायचा. वर आलं की दिवा परत करायचा, बिल्ला परत घ्यायचा. खाणीत स्फोट झाला तेव्हा माझ्या वडिलांनी आधी खुंट्या पाहिल्या. जिथं बिल्ला, तो माणूस अजून खाली. ज्याचा बिल्ला नाही, त्याला शोधायला कुणी उतरत नाही. इथल्या पोराटोरांच्याही ते अंगात भिनलंय. बिल्ला न लावता दिवा न्यायचा म्हणजे आपणच आपल्याला गाडून घ्यायचं."

तिनं खुंटीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं.

"हा बिल्ला त्याच दिव्याचा आहे. शोध थांबवल्यावर माझ्या वडिलांनी असे बिल्ले घरोघरी नेऊन दिले. म्हणजे ज्यानं दिवा नेला, तो त्या घरातला. आणि त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक कडी आज रिकामी आहे."

नेव्हिलनं बॅग उघडली. दिवा शाळेच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला होता.

"आईचे वडील," तो म्हणाला. "दिवा सापडला, ते सापडले नाहीत. आजीनं दिवा इथं दिला, सगळ्या शाळांतल्या मुलांनी बघावा म्हणून. मला वाटलं, आमची एक शाळा गेली तर काय बिघडतं. बाकीच्या आहेतच की." तो थांबला. "तेच सगळ्यांना वाटलं."

"मागून घ्यायचा होता," रोझलिन म्हणाली. "मी दिला असता."

"कोणत्या तोंडानं मागणार होतो? ज्यानं हे घर मोडलं त्यानंच आठवण म्हणून वस्तू मागायची?"

"ते मी समजू शकते," मॅव्हिस म्हणाली. "पण स्टॅनवर आळ आला हे तुला सकाळीच कळलं होतं, नेव्हिल. तरी तू गप्प बसलास. दिव्यापेक्षा ते मोठं."

त्यानं मान खाली घातली. मग सगळ्यांसमोर स्टॅनची माफी मागितली आणि साहेबांना आपण होऊन सांगतो म्हणाला. तिथूनच त्यानं फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. हेन्शॉ चिकटपट्टीचं रीळ खिशात घालून बाहेर निघून गेला.

नेव्हिलनं दिवा खुंटीवर टांगला. त्याचा हात बिल्ल्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. तो मागे सरला. बिल्ला तिथंच राहिला.

मग स्टॅन पुढे आला. त्यानं खुंटीवरून बिल्ला काढला, सवयीनं बाहीवर पुसला आणि नेव्हिलच्या तळहातावर ठेवला.

"घे," तो म्हणाला. "वर आलास, असं समजू."

शुक्रवारी दिवा खानावळीच्या मालकाला गेला. सोमवारपासून स्टॅन अपंग मुलांची गाडी चालवू लागला. मॅव्हिसनं गोदामाला शेवटचं कुलूप लावायच्या आधी भिंतीवरून एकदा नजर फिरवली, वडील फिरवत तशी. सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या. तिनं मनातल्या मनात प्रार्थना म्हटली आणि गोदामातला दिवा मालवला.