होडी कोणी वळवली?

कॅसेट फिरत होती आणि खोलीत कोणी हलत नव्हतं. आवाज मात्र येत नव्हता. नुसती खरखर. बाजू बदलली, तरी खरखरच.

पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. "टेप बिघडलाय का?"

टेप बिघडला नव्हता. कॅसेट कोरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अक्कांच्या कचेरीत बसल्या होत्या. अक्का खासगी तपासाची कामं घेत. त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे भावोजी, निवृत्त झाल्यापासून मदतीला येत. मदत म्हणजे चहा करणं आणि चुकीचे अंदाज बांधणं.

"ह्यांचा आवाज होता त्यात," वहिनी म्हणाल्या. "फोटो आहेत, पुस्तकं आहेत. आवाज तेवढाच. मला तो परत हवाय. बाकी कोणाला शिक्षा नको, काही नको."

'हे' म्हणजे 'धुकेनगरी' लिहिणारे लेखक. गेल्या वर्षी ते वारले आणि त्यांच्या मागे त्या कादंबरीवर सिनेमा आला. तेव्हापासून वाचकांच्या मंडळात दोन तट पडले होते.

"भांडण कशावरून?" भावोजींनी विचारलं.

"शेवटावरून." वहिनींनी पिशवीतून पुस्तक काढलं, न शोधता शेवटचं पान उघडलं. "'नावाडिणीनं दिवा मालवला. वल्हं आडवं ठेवलं. धाकटी पल्याडच्या काठावर उतरली, तिनं मागं पाहिलं नाही. होडी एकटीच धुक्यात शिरली.' इथे पुस्तक संपतं. सिनेमात होडी वळते. धाकटी घरी येते."

"मग चांगलंच की."

"मंडळात असं म्हणून बघा, भावोजी. अर्धे तुम्हाला खांद्यावर घेतील, अर्धे जिन्यावरून ढकलतील."

जुनी ट्रंक आवरताना वहिनींना ही कॅसेट सापडली होती. वर नवऱ्याच्या अक्षरात 'शेवटचं प्रकरण'. घरात ती वाजवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी ती मंडळाला दिली. लेखकाचाच आवाज सगळ्यांनी मिळून ऐकायचा, आणि काय तो निकाल लावायचा, असं ठरलं. सभेपर्यंत ती मंडळाच्या खोलीत, काचेच्या कपाटात होती. किल्ल्या तिघांकडे.

"घरी आणखी कोण असतं?" अक्कांनी विचारलं.

"कोणी नाही. मुलगी होती. लहानपणीच गेली, आजारात." वहिनींनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून पुढं केलं. तिथे एकच ओळ होती: 'जिनं हे आधी ऐकलं, तिला.'

अक्कांनी कॅसेट उजेडात धरली. "कॅसेट नवी आहे. लेबल तेवढं जुनं." त्यांनी लेबलावरून बोट फिरवलं. कागद पिवळा पडलेला, तरी एक सुरकुती नाही, एक कोपरा उचललेला नाही. जुन्या जागेवरून निघून नव्या जागी तो मुकाट्यानं झोपला होता.

पहिली किल्ली एका नर्सबाईंकडे होती. सिनेमाची बाजू घेणाऱ्यांच्या त्या म्होरक्या. दवाखान्याच्या मागच्या बाकावर त्या पाय मोकळे करत बसल्या होत्या.

"आमच्या मंडळात मला तिकीटखिडकी म्हणतात," त्या म्हणाल्या. "इतक्यांदा बघितलाय मी तो. भीती वाटत होती हो, खोटं कशाला बोलू. लेखकच म्हणाले असते, होडी वळत नाही, तर मी काय करणार होते? पण म्हणून चोरी करेन?"

"सिनेमातलं शेवटचं दृश्य सांगाल?"

नर्सबाईंनी डोळे मिटले. "नावाडीण वल्हं आडवं ठेवते. दोन्ही हातांनी दिवा धरून असते, विझू नये म्हणून. धाकटी काठाकडे बघते. आणि मग नावाडीण वल्हं उचलते." त्यांनी डोळे उघडले. "दिवसभर इथे होड्या जातानाच बघते मी, बाई. एक परत आली तर कोणाचं काय बिघडतं?"

दुसरी किल्ली पटकथा लिहिणाऱ्या तरुणीकडे होती. ती मूळची मंडळातलीच. सिनेमा आल्यावर तिला बैठकीला बोलावणं बंद झालं, किल्ली मागायची मात्र कोणाला आठवण राहिली नाही. संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत ती पडद्याकडे बघतच बोलली.

"शेवट मी बदललेला नाही. त्यांनीच सांगितला, जायच्या आधी. म्हणाले, जमलं तर होडी वळव. का, ते विचारू नकोस."

"हे मंडळाला का नाही सांगितलंस?"

"पुरावा काय देणार? मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालते म्हणाले असते. वहिनींसमोर तो तमाशा नको होता मला." ती थांबली. "ती कॅसेट वाजावी म्हणून सगळ्यात जास्त वाट मी बघत होते."

तिसरा माणूस पुस्तकं बांधणारा बाइंडर. मंडळाची खोली त्याच्याच दुकानाच्या माडीवर. पुस्तकातलं कोणतंही वाक्य तो पान आणि ओळ सांगून म्हणून दाखवी, म्हणून सगळे त्याला पानओळ म्हणत. अक्का आणि भावोजी आत गेले तेव्हा तो एका पुठ्ठ्यावर कागद चढवत होता. हाडाच्या पट्टीनं त्यानं कागद दाबत नेला. खाली एक बुडबुडा राहिला नाही.

"वहिनी कशा आहेत?" त्यानं आधी हेच विचारलं.

"तुमचाच टेप होता ना सभेत?" अक्का म्हणाल्या.

"माझाच. जुना आहे, पण चालतो."

"सिनेमा कसा वाटला तुम्हाला?" भावोजींनी विचारलं.

"पाहिला नाही. पाहणार नाही. तशी शपथच घेतली आहे." पट्टी थांबली. "पुस्तकात ती नावाडीण बघा. दिवा मालवलेला, वल्हं आडवं, डावा हात पाण्यात सोडलेला. बस्स. त्या हातात सगळं येतं. त्यात ह्या सिनेमावाल्यांनी होडी वळवली म्हणे."

"म्हणजे कॅसेट वाजली असती तर तुमचंच खरं ठरलं असतं."

"हो," बाइंडर म्हणाला आणि त्यानं पुन्हा पट्टी उचलली.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "हा नव्हे, अक्का. चोरी करून ह्याला काय मिळणार? ती तिकीटखिडकीच."

"चला, सिनेमा बघू."

दुपारच्या खेळाला थिएटर जवळजवळ रिकामं होतं. होडी वळली तेव्हा भावोजींनी चष्मा काढून पुसला, मग रुमाल तसाच हातात धरून ठेवला. बाहेर उन्हात येऊन ते म्हणाले, "एक राहिलंच. मी वाट बघत होतो, पण तिनं हात काही पाण्यात सोडला नाही."

अक्का थबकल्या. "भावोजी, आज तुमचा अंदाज चुकलेला नाही."

"मी तर काही अंदाजच बांधला नाही."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी वहिनींना आणि त्या तिघांना माडीवर बोलावलं. खिडक्या उघड्या होत्या. खालून बाइंडिंगच्या खळीचा वास येत होता.

"नावाडिणीचा हात पाण्यात कुठे आहे?" अक्कांनी विचारलं.

"हात?" नर्सबाई म्हणाल्या. "सिनेमात तर दिव्यावर आहेत. दोन्ही."

"पुस्तकातही नाही," पटकथावाली सावकाश म्हणाली.

सगळे बाइंडरकडे वळले. त्याचे ओठ हलत होते. मनातल्या मनात तो शेवटचं पान वाचत होता. शेवटच्या ओळीशी तो थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"लेखकांच्या पुस्तकात स्वल्पविराम हलला तरी तुम्ही भांडता," अक्का त्याला म्हणाल्या. "स्वतःच्या पदरचा एक शब्द तुम्ही घालणार नाही. तरी एक अख्खा हात घातलात. पुस्तकात नाही, सिनेमात नाही. मग तो आला कुठून? लेखकाच्या तोंडून ऐकला, तरच तुम्ही तो पुस्तकातला मानाल. टेप तुमचा. सभेआधी कॅसेट वाजते का, हे बघायला तुम्हीच ती लावली असणार. आणि जुनं लेबल असं उतरवून चिकटवणारे हात ह्या खोलीत दुसऱ्या कोणाचे नाहीत."

"पण त्याचा फायदा काय?" भावोजींना राहवेना.

"मीही तिथेच अडले होते. कॅसेट पुस्तकासारखीच असती, तर ह्यांनी ती चौकात लावली असती. म्हणजे तिच्यात वेगळं काही आहे. आपलं खोटं पडेल म्हणून लपवली म्हणावं, तर ती पुसून टाकणं सोपं होतं. जुनं लेबल जपून नव्या कॅसेटवर चढवणारा माणूस आतला आवाज पुसेल असं मला वाटत नाही. आम्ही गेलो तेव्हा ह्यांनी चोरीचं विचारलं नाही, निकालाचं विचारलं नाही. वहिनींचं विचारलं. दुखणार होतं ते त्यांना."

बाइंडर उठून खाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या हातात एक कापडी डबी होती, नवी, ह्याच कॅसेटच्या मापाची.

"एकट्यानं ऐका, वहिनी," तो म्हणाला. "किंवा ऐकूच नका."

"लावा," वहिनी म्हणाल्या.

टेप सुरू झाला. तरुण, किंचित घोगरा आवाज. "नावाडिणीनं दिवा मालवला. वल्हं आडवं ठेवलं. डावा हात पाण्यात सोडला..."

मधेच एक बारीक आवाज, तापानं सुकलेला. "बाबा, तिला परत आण ना."

टेप नुसताच फिरत राहिला. मग पुरुषाचा आवाज, हळू: "बरं. मग नावाडीण म्हणाली, चल गं, वळू या..."

लांबून, दाराशी उभ्या असलेल्या बाईचा थकलेला आवाज आला. "खोटं नका सांगू तिला."

कागद उलटल्याची सळसळ. मग पुरुष पुन्हा वाचू लागला, आता एका सुरात. "धाकटी पल्याडच्या काठावर उतरली. तिनं मागं पाहिलं नाही."

खटका पडला. नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला होता. पटकथावाली जमिनीकडे बघत होती.

"म्हणून, वहिनी," बाइंडर म्हणाला. "तुमच्या कानावर तुमचंच ते वाक्य पडू नये म्हणून. आणि मी ज्या शेवटासाठी लोकांशी भांडत होतो, तो... मला तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती."

वहिनी ताठ बसल्या होत्या. "ते वाक्य मला रोज ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "त्याला टेप लागत नाही. तिचा आवाज मात्र मला आठवेनासा झाला होता. कॅसेटमध्ये ती आहे हे मला माहीतच नव्हतं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, टेपच्या अगदी जवळ.

"थोडी मागे घ्या," त्या म्हणाल्या. "ती 'बाबा' म्हणते ना, तिथपर्यंत."