हरवलेल्या सामानाच्या खोलीतला फोन

त्या दिवशी मी नुसतं वजन करायला गेलो होतो, बरं का. बाकी काही डोक्यात नव्हतं.

आमच्या बसडेपोत तेव्हा नवी आरोग्य योजना आली होती. महिन्यातून एकदा वजन, रक्तदाब आणि एका लांबलचक कागदावर सही. अक्षरं मुंगीएवढी. बावीस वर्षं बस चालवलेला माणूस मी, रस्ता वाचतो, कागद कुठे वाचत बसणार? ठोकली सही. नर्सबाईंनी वही मिटली आणि व्हरांड्याच्या टोकाकडे बोट केलं.

"मनात काही असेल तर तिथे फोन आहे. उचलायचा, बोलायचं. ऐकणारं माणूस दुसऱ्या गावी असतं. नावही विचारत नाही."

ती खोली पूर्वी हरवलेल्या सामानाची. प्रवाशांनी विसरलेल्या छत्र्या, डबे, एकेकटे बूट वर्षानुवर्षं तिथे पडून असायचे. सामान हलवलं होतं, वास हलला नव्हता. कुबट कापडाचा, गंजलेल्या काड्यांचा. एक खुर्ची, एक टेबल, त्यावर करडा फोन. दार लावलं की बाहेरच्या इंजिनांची घरघर एकदम बंद व्हायची, कुणी तिच्या तोंडावर हात ठेवावा तशी.

आणि माझ्या मनात होतं काही.

आठवड्यापूर्वी, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, भरदुपारी, मी नव्हतो. म्हणजे हात स्टिअरिंगवर होते, डोळे उघडे होते, गाडी चालत होती. मी मात्र कुठेच नव्हतो. भानावर आलो तेव्हा वळण मागे पडलं होतं आणि कंडक्टर ओरडत होता, "उस्ताद, स्टॉप गेला की!"

"स्टॉपच पळाला, मी काय करू?" मी म्हटलं. गाडीतली सत्तावन्न माणसं हसली. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

बायकोला सांगितलं नाही. ती घाबरेल, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिनं मला पुन्हा गाडीत चढूच दिलं नसतं.

मी रिसीव्हर उचलला. बराच वेळ काहीच नाही. मग अगदी कानाशी एक बाई म्हणाली, "बस आधी. उभा का?"

मी उभाच होतो. बसलो.

आवाज वयस्कर, जरासा घोगरा, मायेचा. मी वळणाचं सांगितलं. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. मग हळूच विचारलं, "किती वेळ गेला होतास?"

"दहाबारा सेकंद..."

"आणि गेलास तेव्हा... तिथे कुणी होतं का रे?"

असं विचारतं का कुणी? पण मला विचित्र वाटलं नाही. उलट बांध फुटला आणि मी लहान मुलासारखा रडलो. ती म्हणाली, "डॉक्टरला दाखव. तोवर गाडी काढू नकोस. आणि घरी इतक्यात बोलू नकोस. मी आहे ना."

मी ऐकलं. रजा टाकली, डॉक्टर गाठला, गोळ्या सुरू केल्या. रजेतही दोनदा त्या खोलीत जाऊन बोललो. खरं सांगतो, त्या दोन आठवड्यांत मला जगात तिच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं.

रजा संपल्याच्या सकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता. चष्मा पुसून ते वाचायला लागले, "हात स्टिअरिंगवर होते, गाडी चालत होती, मी मात्र कुठेच नव्हतो."

माझे शब्द. जसेच्या तसे.

"साहेब, हे मी त्या बाईंना सांगितलं होतं..."

"कोणत्या बाईंना?" त्यांनी वर पाहिलं. "योजनेच्या कागदावर सही आहे तुमची. उद्यापासून गाड्या धुवायच्या."

गाडीवरून उतरवलं याचं वाईट नाही वाटलं. उतरायलाच हवं होतं. डॉक्टरचं पत्र हाती आलं की मी स्वतःच जाऊन सांगणार होतो. पण जे मी रडत, अडखळत कुणाच्या तरी पदरात टाकलं होतं, ते टाइप होऊन, ठसा मारून टेबलावर पडलं होतं. अंगावरचे कपडे कुणी भर रस्त्यात ओढावेत, तसं झालं मला.

डेपोचा वायरमन माझा जुना दोस्त. खिशात कायम पक्कड, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणायचे. साहेब जेवायला गेल्यावर मी त्याला खोलीत नेलं.

"ही तार कुठल्या गावी जाते ते बघ. मला त्या बाईला गाठायचंय."

त्यानं तार हातात धरून भिंतीच्या कडेनं चालायला सुरुवात केली. तार गावाला गेली नव्हती. भिंत ओलांडून साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात गेली होती. आत टेप करायचं यंत्र होतं, शेजारी आमच्या बिल्ल्यांचे नंबर टाकलेल्या कॅसेटींची चळत. रिसीव्हर उचलला की कॅसेट फिरणार.

"बाहेरची लाइनच नाही रे," पक्कड म्हणाला. "पलीकडे कुणी नाही. कधीच नव्हतं."

"ती बोलायची माझ्याशी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, यंत्रातली कॅसेट काढून बाजूला ठेवली आणि माझ्या नंबरची लावली. माझा आवाज आला. वळण, सत्तावन्न माणसं. मग शांतता. मग मी, "दहाबारा सेकंद..." पुन्हा शांतता. मग माझं रडणं. प्रश्न कुठेच नव्हते.

पक्कडनं दुसरी लावली, तिसरी लावली. आमचेच ड्रायव्हर, कंडक्टर. सगळे बोलता बोलता थांबत होते, आणि कुणीतरी विचारल्यासारखी उत्तरं देत होते.

"ही कुणाची?" सुरुवातीला यंत्रातून काढून ठेवलेली कॅसेट त्यानं उचलली. तिच्यावर नंबर नव्हता. लावली.

बाईचा आवाज होता. मला वाटलं, तीच. पण नाही...

माझी बायको होती.

"हो... नाही, मला अजून काही बोलले नाहीत... गोळ्या? शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतात. पाहिल्यात मी..." मोठी शांतता. "बरं. ते झोपेत असले की विचारते."

पक्कडनं यंत्र बंद केलं. माझ्या बायकोनं डेपोच्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

संध्याकाळी घरी गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"डेपोत आली होतीस का?"

"मी कशाला येऊ?" तिनं मान वर केली नाही. "आणि आले असते तर तुम्हाला सांगितलं नसतं का? तुम्ही मला सगळं सांगता ना... तसंच."

पुढे काही विचारायचं माझं धाडस झालं नाही. अकरा वर्षं झाली. ती योजना बंद पडली, त्या खोलीत आता टायर ठेवतात. ती झोपली, श्वास जड झाला, याची खात्री झाल्याशिवाय मी डोळे मिटत नाही.

पण सकाळी उठतो तेव्हा माझा घसा बसलेला असतो. रात्रभर बोलत राहिल्यासारखा.