नावाड्याला हात लावू नये

व्हिडिओ गेममधल्या पात्रांना बोलतं करणं हे माझं काम. राजा असो नाहीतर राक्षस, खेळणारा त्याच्याशी काय बोलेल आणि तो काय उत्तर देईल, ते सगळं मी लिहिते.

या खेपेच्या गेममध्ये काळ्या नदीवर एक म्हातारा नावाडी होता. त्याला मी सरळ बाबांचं बोलणं दिलं. बाबांनी उभा जन्म बस चालवली. दारात अडून राहणाऱ्यांना म्हणायचे, "आत सरका साहेब, दार काय सासऱ्यांनी दिलंय?" नावाडीही होडीच्या टोकाला उभं राहणाऱ्यांना तसंच सुनावायचा. ऑफिसात सगळे त्याच्यावर खूश होते.

कथेप्रमाणे तिसऱ्या प्रकरणात नावाडी मरायचा होता. माझ्याने ते लिहवेना. मी त्याच्या नावापुढच्या 'अमर' या चौकटीत खूण केली. असं पात्र कितीही वार झाले तरी मरत नाही. एका गुडघ्यावर बसतं, दम खातं आणि पुन्हा उठतं. सगळ्याच गेममध्ये अशी दोन-चार पात्रं असतात.

त्या दुपारी मी घरून काम करत होते. गेममधल्या चुका हुडकणारी टेस्टर फोनवर होती.

"तुझ्या म्हाताऱ्याला जरा हाणून बघते हं," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात धपकन आवाज झाला. बाबा ओट्यापाशी एका गुडघ्यावर बसले होते, हात छातीवर. मी धावत पोचेपर्यंत उठलेसुद्धा.

"पाय घसरला. तू तुझं काम कर."

फरशी कोरडी होती.

"झकास उठतो गं," टेस्टर फोनमधून म्हणाली. "अजून एकदा?"

बाबांचा तोच गुडघा पुन्हा फरशीवर आपटला.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत होतं. मी स्वतःची समजूत घालून पाहिली; वय झालंय, योगायोग असतो. मग ऑफिसात टेस्टरच्या शेजारी बसून घरी फोन लावला. तिने गेममधली तलवार नावाड्यावर उचलली आणि बाबांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. परत बोलले तेव्हा आवाज रडवेला होता. बाबांना मी कधी रडताना ऐकलं नव्हतं.

"कुणीतरी मारतंय गं. दिसत नाही."

शुक्रवारी गेम बाजारात येणार होता. लाखो घरांत. न मरणारा म्हातारा सापडला की लोक काय करतात ते मला चांगलं ठाऊक होतं. गंमत म्हणून तासन्‌तास बडवतात. खूण काढावी, तर पहिल्याच वारात बाबा जातील. ठेवावी, तर मरणही न येता मार खात राहतील.

मी प्रोग्रॅमरकडे गेले.

"नावाड्याला वारच लागू नये असं कर."

"तलवारीचा?"

"तलवारीचा, काठीचा, हाताचा. त्याला कुणी शिवूच शकणार नाही असं कर."

"का बरं?"

"छळतील रे त्याला."

त्याने खांदे उडवले आणि टकटक करत दोन ओळी बदलल्या. "झालं. आता सगळं आरपार जाईल. जमीन आणि होडी तेवढी त्याला लागेल अशी ठेवलीय, नाहीतर बिचारा खाली पडतच राहायचा."

तो हसला. मीही हसले.

शुक्रवारी गेम आला. मी दिवसभर बाबांवर डोळे लावून बसले. ते एकदाही पडले नाहीत. संध्याकाळी न्हाणीघरात जाऊन मी पोटभर रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मागच्या दाराच्या पायरीवर ऊन खात बसले होते. चेहऱ्यावर तजेला होता. मला पाहून खुशीत म्हणाले, "आलीस? हात दे गं जरा, उठतो."

मी वाकून हात पुढे केला. त्यांनीही केला.

माझी बोटं त्यांच्या हातातून जाऊन थंड पायरीला टेकली.

बाबा समोर बागेकडे बघत होते.

"अगं, दे ना," ते म्हणाले, आणि हात तसाच धरून वाट बघत राहिले.