एकही पिन वाकडी नव्हती

सातिवलीच्या गोदामातली मालाची लिफ्ट कोसळून तिथे काम करणाऱ्या द्वारकाबाईंचा पाय चिरडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टच्या साखळीतली झिजलेली पिन ऋतिकाच्या टेबलावर होती. तिच्याच कारखान्यात कडक केलेली.

"मी तपासल्या त्यांचा कडकपणा साठ होता," सुपरवायझर मितेश म्हणाला. "एकही पिन वाकडी नव्हती. बाकीच्या विठ्ठलने भट्टीतून कच्च्याच काढल्या असणार. कार्बन मुरलाच नाही, म्हणून नरम राहिल्या."

"दुपारी पोलीस येतायत," मालक श्रीरंग म्हणाले. "विठ्ठलचं नाव देतो."

भट्टी सांभाळणारा विठ्ठल दारातच उभा होता.

"सर, तासभर थांबा," ऋतिका म्हणाली. धातुशास्त्र शिकून ती इथे लागली, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

भट्टीच्या त्याच घाण्यातली एक कोरी पिन शिल्लक होती. तिने टोकावर कानस चालवली. घसरली. मध्यावर मात्र कानस रुतली. कडकपणा मोजायच्या मशीनवर टोकं साठ भरली, मध्य बेचाळीस. पिनांसोबत भट्टीत टांगलेला नमुन्याचा तुकडा सगळीकडे साठ.

"काका, लांब पिना तेलात थंड करताना वाकतात?" तिने विठ्ठलला विचारलं.

"थोड्या वाकतातच, पोरी. तेल काय कोनाचं ऐकतं?"

"मग सरळ कशा करता?"

"प्रेसवर दाबून. पन प्रेस तर गनपतीपासून बंद पडलाय."

मितेशच्या टेबलाखाली गॅसचा टॉर्च होता. शेजारी काळा पडलेला पॉलिश पेपर.

ऋतिका विठ्ठलला घेऊन केबिनमध्ये परतली. श्रीरंग आणि मितेश तिथेच होते.

"भट्टी चुकली असती तर अख्खी पिन नरम निघाली असती. नमुनाही. ही फक्त मध्यावर नरम आहे, म्हणजे कडक झाल्यावर कुणीतरी तिथेच तापवली. प्रेस बंद, तरी एकही पिन वाकडी नाही. मितेश, तू टॉर्चने तापवून त्या सरळ केल्यास. तापवल्याने पडलेला निळा डाग पॉलिश पेपरने घासून काढलास आणि कडकपणा फक्त टोकांवर मोजलास."

मितेशने कपाळ पुसलं. "ट्रक दारात उभा होता, मॅडम. वाटलं, एवढ्याने काय होतंय."

"मी जाऊ भट्टीवर?" विठ्ठलने विचारलं. श्रीरंगनी त्याच्याकडे न बघता मान हलवली.

"अशा पिना आणखी कुठे गेल्या?" ऋतिकाने विचारलं.

मितेश एकेका गोदामाचं नाव सांगू लागला. श्रीरंगनी पहिला नंबर लावला.

पलीकडे रिंग वाजत राहिली. कामाची वेळ होती. सगळे लिफ्टवर असणार.