परत न सोडलेली जिवाणी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी दुकानदार माणूस आहे. अमळनेरला आमचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकाशी खरं-खोटं बोलावं लागतं. पण यातलं एक अक्षर मी रचलेलं नाही. रचलं असतं तर शेवट तरी बरा रचला असता.

तारीख आठ मार्च २०२५, शनिवार. जागा शिरपूरच्या पुढे, सातपुड्यातलं एक उघडं पठार. त्याचं नाव सांगत नाही. तो कॅम्प चालवणारा माणूस सरळ आहे आणि यात त्याची काही चूक नाही.

चूक माझी आहे.

माझं नाव रोनक. घरात आम्ही तिघं... मी, बायको जिनल आणि माझी आई, सज्जनबाई. आम्ही तिला मम्मी म्हणतो. आदल्या दिवाळीत पप्पा गेले. तेव्हापासून मम्मीने उंबरा ओलांडला नव्हता. जेवायची, सामायिक म्हणजे आम्हा जैनांचं घडीभराचं ध्यान करायची, माळ फिरवायची आणि खिडकीत बसून राहायची.

जिनलने मोबाईलवर तो कॅम्प शोधला. डोंगर, तंबू, सूर्यास्त, सगळं.

मी म्हणालो, "घरातला पंखा सोडून दगडावर झोपायला जायचं? अक्कल गहाण ठेवलीस का?"

"तुमच्यासाठी नाही नेत," ती म्हणाली. "मम्मींसाठी नेतेय. तुम्ही फक्त गाडी चालवा."

तर असे आम्ही निघालो. दुपारी चारला पोचलो. झाडांची पानं गळून गेलेली, नुसत्या काड्या उभ्या. मधूनच एखादा पळस लाल पेटलेला. बाकी जिकडे बघावं तिकडे दगड आणि पिवळं गवत.

मम्मी गाडीतून उतरली आणि बघतच राहिली. तिचं माहेर राजस्थानात, वाळूच्या मुलखात. "अगदी आमच्याकडच्यासारखं आहे रे," ती म्हणाली. आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

त्या हसण्यासाठी मी आणखी दहा वेळा दगडावर झोपलो असतो.

त्या दिवशी तिथे दुसरं कोणी नव्हतं. तीन तंबू, त्यातला एक आमचा. देखरेखीला जीवराम नावाचा पन्नाशीचा माणूस होता, तो रात्री खाली रस्त्यालगतच्या झोपडीत झोपायचा.

सामान काढायला डिकी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. मम्मीसाठी घरून गाळून, उकळून आणलेलं पाणी... स्टीलच्या डब्याचं झाकण निसटलं होतं. सगळं पाणी गाद्यांत मुरलेलं.

कॅम्पवर पाण्याचे जार होते. पण मम्मी बंद जारचं पाणी पीत नाही. ताजं पाणी, तिच्या डोळ्यांसमोर गाळलेलं आणि उकळलेलं, तेच प्यायचं. आणि तेही सूर्य बुडायच्या आत. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम.

"हातपंप आहे का?" मी जीवरामला विचारलं.

"आटी गया भाऊ. एक जुनी इहीर शे तठे. पन..."

"पण काय?"

"तिनं पानी कोनी पेत नही. ढोरंबी तोंड लावतस नही."

"का?"

"माले ठाऊक नही, भाऊ. बठ्ठा सांगतस, मी बी सांगस."

मला असल्या गोष्टींची चीड आहे. विहिरीत पाणी आहे, आम्ही ते गाळून उकळणार आहोत, आणि सूर्य बुडायला तासभर राहिलाय. मी एका रिकाम्या तंबूची दोरी सोडली, बादली घेतली आणि निघालो.

विहीर दहा मिनिटांवर होती. चौकोनी, दगडात बांधलेली. रहाट नाही, आत उतरायला पायऱ्या नाहीत. पाणी वीसेक फूट खाली, काळंशार. जुन्या विहिरीत पारवे असतात, बेडूक असतात, कपारीत पिंपळाचं एखादं रोप तरी असतं.

इथे काहीच नव्हतं...

बादली पाण्यात पडली तरी आवाज आला नाही. तेव्हा मी म्हटलं, खोल असेल. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो बघा.

मम्मीने दुहेरी कापड धरून पाणी गाळलं. आता आमच्यातली एक पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाणी गाळल्यावर कापडात बारीक जीव राहतात. ते कापड थोड्या गाळलेल्या पाण्याने उलटं धुवायचं आणि ते धुतलेलं पाणी जिथून आणलं तिथेच, त्याच विहिरीत, अलगद सोडायचं. दुसरीकडे ओतलं तर ते जीव मरतात. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. नळाच्या जमान्यात कोण करतंय हे? पण मम्मी करायची.

कापड अगदी स्वच्छ निघालं. माती नाही, किडा नाही, काडी नाही.

मम्मीच्या कपाळावर आठी पडली. "इतक्या जुन्या विहिरीचं पाणी... आणि काहीच नाही?"

तरी तिने नियमाप्रमाणे कापड लोट्यात धुतलं. लोटा माझ्या हातात दिला. "सूर्य बुडायच्या आत परत सोडून ये, बेटा. बादलीत ठेवून खाली उतरव. वरून फेकू नकोस."

मी लोटा घेऊन निघालो. तंबूच्या मागे गेलो आणि थांबलो. पाय दुखत होते. लोट्यात बघितलं, नुसतं नितळ पाणी. म्हटलं, यात कोणता जीव आहे? कोण जातंय पुन्हा?

मागच्या काळ्या दगडावर ओतून दिलं आणि वीस मिनिटं फोनवर काढून परत आलो.

"सोडलीस नीट?"

"हो."

मम्मीने उकळून निवलेलं दोन पेले पाणी पिऊन हात जोडले आणि रात्रीसाठी पाणी बंद केलं. डोंगरामागे सूर्य गेला. जिनलने तिचे फोटो काढले.

आठच्या सुमाराला मी काठी शोधायला तंबूमागे गेलो. चांदणं होतं. तो काळा दगड अजून ओला होता...

मार्चचा महिना. दिवसभर तापलेला दगड. लोटाभर पाणी पाच मिनिटांत उडून जायला हवं होतं.

मी बोटाने चाचपलं. गार होतं.

नऊला पुन्हा गेलो. का गेलो ते विचारू नका, राहवलं नाही. दगड कोरडा होता. ओल दगडाच्या अलीकडे, मातीवर होती. हातभर पुढे. तंबूच्या बाजूला.

मी कोणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर लोटा कुठे ओतला तेही सांगावं लागलं असतं.

आम्ही तंबूत आडवे झालो. मम्मी मधे, मी एका कडेला, जिनल दुसऱ्या. रातकिडे किर्र करत होते. मग एकदम थांबले...

मागून आवाज आला. बादली पाण्यात पडल्याचा.

डुब्ब.

विहीर दहा मिनिटं लांब. आवाज हातभर अंतरावरून, तंबूच्या कापडापलीकडून.

अंधारात मम्मीचा आवाज आला. "रोनक. जिवाणी विहिरीतच सोडलीस ना?"

"हो म्हटलं ना."

डुब्ब...

"खरं सांग बेटा. मी रागावणार नाही."

माझी आधीच पाचावर धारण बसली होती. आणि मला भीती वाटली की मी चिडतो, हा माझा जन्माचा दोष. मी खेकसलो, "ओतली मागे दगडावर. काय होतं त्यात? काही नव्हतं. झोप आता."

जिनलने अंधारात मम्मीवरून हात लांबवून माझा दंड घट्ट धरला.

मम्मी एवढंच म्हणाली, "ते आपल्याला दिसलं नाही, रोनक. नव्हतं असं कसं म्हणतोस?"

मला झोप कधी लागली ते माहीत नाही. जाग आली तेव्हा पाच वाजत होते. चंद्र मावळला होता. मधली गादी रिकामी...

मम्मीच्या चपला तंबूच्या दाराशी जोडून ठेवलेल्या. लोटा मात्र नव्हता.

ती कुठे गेली असेल हे मला विचार न करताच कळलं. माझी चूक निस्तरायला, क्षमा मागायला. आमची मम्मी मुंगी पायाखाली आली तरी थांबून हात जोडते.

"तू इथेच थांब, तंबूची चेन लाव," मी जिनलला सांगितलं. बॅटरी घेतली आणि धावलो. हाका मारत धावलो. डोंगरातून हाकेला हाक परत येते ना? तिथे येत नव्हती.

विहीर दिसली. काठावर लोटा होता, पालथा. मम्मी नव्हती.

आणि खालून आवाज आला...

"मिच्छामि दुक्कडम्."

आमच्यात क्षमा मागताना हे म्हणतात. आवाज मम्मीचा होता. थकलेला, पण शांत. पुन्हा आला. "मिच्छामि दुक्कडम्... रोनक? आलास का रे?"

मी काठाकडे दोन पावलं टाकली असतील.

"इकडे आहे मी."

हे मागून आलं...

मी वळलो. मम्मी माझ्या मागे उभी होती. तीच बदामी साडी, डोक्यावर पदर. साडी पदरापासून काठापर्यंत निथळत होती.

"चल," ती म्हणाली. आणि हात पुढे केला.

विहिरीतून एकदाच हाक आली, "रोनक..."

बॅटरी माझ्या हातात होती. एकदा खाली मारून बघायला किती वेळ लागला असता? दोन सेकंद. मी मारली नाही. मला वाटलं, खाली जे काही आहे ते मला ओढायला मम्मीचा आवाज काढतंय, आणि समोर माझी आई उभी आहे, भिजलेली, थंडीने गारठलेली. कुठलाही मुलगा तेच करेल.

मी तो हात धरला आणि तिला घेऊन आलो. वाटेत मागे बघितलं नाही.

उजाडायच्या आत गाडी काढली. जीवराम खाली रस्त्यावर उभा होता. त्याने मागच्या सीटवर बसलेल्या मम्मीकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. मी काच खाली केली नाही.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस ती झोपूनच होती. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, धसका घेतलाय, येतील रुळावर.

तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात नळाचा आवाज आला. जाऊन बघतो तर मम्मी अंधारात उभी. नळाला ओंजळ लावून पाणी पीत होती. न गाळता, न उकळता. रात्री अडीचला.

"मम्मी, तुझा नेम?"

ती पाणी पीतच राहिली. पोटभर प्यायली, मग तोंड पुसून म्हणाली, "तहान लागली होती. फार दिवसांची."

तशी ती चांगली वागते. मला वाढते. जिनलला पोरी म्हणते. पण पप्पांच्या फोटोसमोरून जाताना थांबत नाही. माळ कुठे ठेवली आहे तेही विचारत नाही. जिनल तिच्याबरोबर घरात एकटी राहत नाही, मी दुकानात जाताना तीही निघते. आम्ही दोघं याबद्दल बोलत नाही. बोललो तर ते खरं होईल असं वाटतं.

वीस मार्चला, दिवस मावळताना, जीवरामचा फोन आला.

"भाऊ, तुमनी माय घर शे ना?"

"आहे. का?"

"मंग इहिरमा कोन शे? रोज दिन बुडताना आवाज येस. मी इतला दिन मनले समजाडं, आज नही ऱ्हायनं. तुमनं नाव लेस भाऊ."

"बॅटरी मारून बघ ना आत."

"देखी लिधं. पानी शे फक्त. ल्या, तुम्हीच आयका."

त्याने फोन विहिरीवर धरला असावा. आधी नुसती हवा ऐकू आली. मग...

"जीवरामभाऊ, त्याला फोन करू नका. पोर घाबरेल. त्याला म्हणावं मी रागावलेली नाही. सवड होईल तेव्हा ये म्हणावं."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. जगात दुसरं कोण असं बोलेल? विहिरीत बसून पोराची काळजी दुसरं कोण करेल?

मी त्याच रात्री जाणार होतो. दोर घेतला, गाडीची किल्ली घेतली. घरातून निघताना ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"कुठे निघालास?"

"माल आणायला. शिरपूरला."

ती जवळ आली. माझे डोळे तिने पदराने पुसले. पदर ओला होता. "रडलास का रे? नको जाऊस," ती म्हणाली. "तू गेलास तर जिनल माझ्याजवळ राहील ना?"

तिच्या मागे जिनल उभी होती, भिंतीला पाठ लावून. तिने मान हलवली. नाही.

मी किल्ली परत खुंटीला लावली.

जिनलला सोबत घेऊन जाता येईल, हे मलाही कळतं. मग अडलंय कुठे? खरं सांगतो. दोर टाकला आणि खरंच कोणी वर आलं, तर मी बारा दिवस कोणाच्या हातचं जेवलो? आणि वर आलेलीही ती नसली तर? एकदा निवड केली ती चुकली. दुसऱ्यांदा करायची छाती नाही माझी.

त्यानंतर रोज दिवस मावळताना जीवरामचा फोन येतो.

मी उचलत नाही.