खांद्यावरचा कापूस

"खांद्यावर कापूस आहे तुमच्या," मयुरी म्हणाली, आणि समोरचा तरुण चक्क लाजला. १९९९चा डिसेंबर होता. वर्ध्याला मामांच्या, म्हणजे अण्णाजींच्या औषधाच्या दुकानात ती नुकतीच बसू लागली होती. डी.फार्म. आत्ता झालेलं, जीभ मात्र जन्मापासूनच तिखट. तो योगेंद्र, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचा. "जिनिंगमंदी आहो जी... उडते कापूस," म्हणत त्यानं खांदा झटकला, डोकेदुखीची गोळी घेतली, आणि जाताना एकदा वळून पाहिलं.

मग त्याचं डोकं रोजच दुखायला लागलं. इतकं कुणाचं दुखतं का, बाई! पण सहा वाजले की मयुरीचीही नजर रस्त्याकडेच.

मे उजाडला. जिनिंग बंद होऊन महिना लोटला, तरी खांद्यावर पांढरं ते होतंच. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं असताना ती बोलून गेली, "हा कापूस नाही जी. कोंडा आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. योगेंद्रचे कान लाल झाले. सावरायला म्हणून मयुरी भराभर सांगत सुटली... हा काही मळ नव्हे, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. एक बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते, काहींच्या कातडीला ती सोसत नाही इतकंच. रात्री तेल थापू नका, तेलावर ती आणखी पोसते. लिंबूही चोळू नका, आग होते. हा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा लावा, फेस पाच मिनिटं राहू द्या, मग धुवा. चार आठवडे लागतात. त्यानं बाटली घेतली आणि मान वर न करता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. मयुरीला रडू फुटायचं. तिचं प्रेम होतं त्याच्यावर, आणि तिनंच त्याला चारचौघांत लाजवून घालवलं होतं.

महिन्यानं, ऐन गर्दीच्या वेळी, योगेंद्र दुकानात शिरला आणि काउंटरवर डोकं वाकवून उभा राहिला. "पाहा जी."

तिनं बोटांनी केस बाजूला केले. अगदी स्वच्छ! बोटं मात्र तिथंच रेंगाळली.

"काऊन नाई आले इतके दिवस?"

"तुमीच म्हटलं ना, चार हप्ते लागते म्हणून. बरा झाल्याशिवाय कोन्त्या तोंडानं येऊ?" तो अजून वाकलेलाच. "आता बंद करू शाम्पू?"

"नाही. कोंडा पुन्हा येतो. हप्त्यातून एकदा लावत राहायचं."

"कधीलोक?"

"जन्मभर."

"मले तं आठवण राहत नाई," तो हळूच म्हणाला. "जन्मभर कोण आठवण देईन?"

गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. अण्णाजींनी चष्मा कपाळावर चढवला. मयुरीनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"मी देईन. तुमच्या घरी येऊन राहीन, अन् देईन."