कुलपातली बिस्किटं

"डुबुक!"

"गेलं! आजोबांचं बिस्किट पुन्हा बुडालं!" क्लाईव्ह टाळ्या पिटत ओरडला.

"गप रे!" आजोबा चमच्याने कपाचा तळ ढवळत म्हणाले. "चहात बिस्किट बुडवायला मी काही आज शिकलो नाही! नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. पण हल्ली टेकवायच्या आतच हे मान टाकतंय!"

त्याची बहीण थेल्मा आणि तिची शेजारची मैत्रीण बेरिल खो खो हसल्या. आई मात्र हसली नाही. ती नुकतीच गॅस्कार्थ बिस्किट कारखान्यातून आली होती. डोक्यावरची पांढरी टोपी काढून तिने टेबलावर आपटली.

"हसा, हसा! त्याच तुकड्यांपायी आमची नोकरी चालली आहे! पुडे उघडले की गिऱ्हाइकांना आत तुकडे मिळतात. पिकरिंग मॅनेजर म्हणतो, पॅकिंगच्या बायकांचे हात धसमुसळे! सुट्टीला गेलात की परत येऊ नका म्हणाला. आमच्या जागी यंत्र आणणार आहे."

थॉर्नगिल गावात दर उन्हाळ्यात कारखाना आठवडाभर बंद व्हायचा आणि सगळं गाव समुद्रावर जायचं. त्या सुट्टीची पोरं वर्षभर वाट पाहायची. पण आईचं बोलणं ऐकून थेल्माच्या डोक्यातून समुद्र पार वाहून गेला.

"धसमुसळे? तुझे हात?" ती ताडकन उठली. "अगं, तू अंड्यांची पिशवी घेऊन बसमागे धावतेस आणि एक अंडं फुटत नाही! हा पिकरिंग खोटं बोलतोय!"

"थेल्मा! मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये."

"मोठ्या माणसांनी तरी असं बोलावं का?"

आईने टोपी उचलून खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी तिघं कारखान्याच्या फाटकाजवळच्या खिडकीपाशी गेली. तिथे मोडकी बिस्किटं स्वस्तात मिळायची. गावातली सगळी पोरं त्या पिशव्यांवरच वाढलेली! आल्याची, क्रीमची, लोण्याची, सगळ्यांची मिसळ असायची. क्रीमचा तुकडा कुणाच्या वाट्याला यायचा यावरून घरोघर मारामाऱ्या व्हायच्या.

"शी!" बेरिलने पिशवीत नाक खुपसलं. "सगळी चहाचीच बिस्किटं! क्रीमचं एकही नाही!"

"बघू इकडे," थेल्मा म्हणाली. तिने मूठभर तुकडे दगडी कठड्यावर मांडले. "अरेच्चा! हे बघा, प्रत्येक बिस्किट मधोमध मोडलंय. हातातून पडलं असतं तर कड फुटली असती, चुरा झाला असता!"

"आणि बायकांचे हात धसमुसळे, तर ते फक्त चहाच्याच बिस्किटांना का लागतात?" बेरिल म्हणाली. "आल्याच्या बिस्किटाने काय त्यांना लाच दिली आहे?"

"मला एक कल्पना सुचली आहे," क्लाईव्ह तोंडातल्या तोंडात म्हणाला, कारण तोंड भरलेलं होतं. "ही आधी संपवून टाकू."

"बकासुरा! पुरावा खातोस?" थेल्माने पिशवी हिसकावली.

थेल्मा पुन्हा खिडकीशी गेली. जरा जास्त भाजली गेल्यामुळे बाजूला काढलेली, पण त्याच सकाळची अखंड चहाची बिस्किटं तिने मागून घेतली. घरी येऊन ती टेबलावर रांगेत मांडली. हात लावायचा नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही, जोरात शिंकायचंसुद्धा नाही! क्लाईव्ह बिचारा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. असा छळ त्याचा शाळेतसुद्धा कधी झाला नव्हता.

संध्याकाळ व्हायला आली.

टक्!

"कोण ते?" बेरिल दचकली.

टक्! पुन्हा तोच बारीक आवाज. थेल्मा वाकून बघू लागली. एका बिस्किटावर केसाएवढी चीर उमटली होती. कुणीही हात लावला नव्हता!

"भूत!" क्लाईव्ह किंचाळला.

"भूत तुझं डोकं! आपोआप तडकतायत ती! आई! आई, लवकर ये!"

आईने पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पण पोरांचं कोण ऐकणार गं?"

"ऐकत नाही म्हणजे? ऐकायला लावू!" थेल्मा म्हणाली.

संधी शुक्रवारी आली. कारखाना बंद होण्याआधी कामगारांच्या घरच्यांना आत बोलवायचं, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरचं गरम बिस्किट खायला द्यायचं, ही गॅस्कार्थांची जुनी रीत. त्यांच्या पणजोबांनी खलाशांसाठी दगडासारखी टणक बिस्किटं भाजून धंदा सुरू केला होता. त्यातलं एक बिस्किट अजून कारखान्याच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात अखंड होतं! मालकीणबाई मिस गॅस्कार्थ स्वतः काठी टेकत सगळ्यांबरोबर फिरायच्या.

कणकेच्या लांबच लांब पोळीतून साचा गोल बिस्किटं कापत होता. वाफ बाहेर पडावी म्हणून खिळे त्यांना भोकं पाडत होते. बिस्किटं भट्टीत शिरून पलीकडून खमंग होऊन बाहेर पडत होती. थेल्मा पट्ट्याबरोबर चालत पुढे गेली आणि एकदम शहारली. बर्फासारखा वारा!

भिंतीत भला मोठा नवा पंखा घरघरत होता. चहाच्या बिस्किटांचा पट्टा बरोबर त्याच्या तोंडासमोरून जात होता.

"काय, आवडला का?" पिकरिंग मिशीवर बोट फिरवत म्हणाला. "माझी कल्पना! बिस्किटं झटकन गार आणि माल दुप्पट!"

थेल्माला घरचं काचेचं भांडं आठवलं. ओव्हनमधून काढून बेरिलने ते गार पाण्याखाली धरलं होतं, आणि खाडकन तडा गेला होता.

"म्हणजे बिस्किटं तुम्हीच मोडता!" ती ओरडली.

सगळे थबकले. "थेल्मा!" आईचा चेहरा पांढरा पडला.

"हो, आई, बोलणारच मी! गरम बिस्किट एकदम गार केलं की ते आतून ताणलं जातं आणि मागाहून तडकतं. आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलंय! स्वतःला नाचता येत नाही आणि म्हणे अंगण वाकडं!"

"ही पोरगी कारखाना चालवणार का आता?" पिकरिंग हसला. "बायकांनी शिकवून पाठवलेली दिसते."

"मग तुम्हीच बघा ना! आमचा कुणाचा हातच लावायला नको. पंख्यापुढची काही बिस्किटं घ्या. काही भट्टीच्या तोंडाशीच उचला आणि डब्यात घालून हळूहळू गार होऊ द्या. दोन्ही त्या खलाशी बिस्किटाच्या कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि किल्ली तुमच्या खिशात टाका!"

"डब्याला माझा स्वेटर गुंडाळा!" क्लाईव्ह घाईघाईने तो डोक्यातून ओढून काढू लागला.

"ठीक आहे!" पिकरिंग मालकीणबाईंकडे बघून म्हणाला. "उद्या सुट्टीआधीच्या चहाला सगळं गाव इथे येईल, तेव्हा सगळ्यांदेखत उघडतो. म्हणजे एकदाची तोंडं बंद होतील!" त्याने हातमोजे चढवून, एकेक बिस्किट जपून उचलून कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

शनिवारी चहाला गाव लोटलं होतं. पिकरिंगने ऐटीत कुलूप काढलं, पंख्यापुढचं एक बिस्किट उचललं आणि अर्धं त्याच्या हातात आलं. दुसरं उचललं, तेही अर्धं! तिसऱ्याला हात लावायचा त्याला धीर होईना. डब्यातली मात्र एकूण एक अखंड!

"काय हो साहेब," बेरिलने विचारलं, "कपाटात कुणाचे हात शिरले होते?"

मिस गॅस्कार्थनी काठी जमिनीवर आपटली. "पंखा आत्ताच्या आत्ता बंद करा! यंत्रही यायचं नाही. पोरांनो, माझ्या पणजोबांना तुमचा अभिमान वाटला असता. ही चॉकलेटच्या बिस्किटांची पेटी तुमची!"

क्लाईव्हचे हात पुढे झाले. थेल्माने ते धरले.

"नको बाई. आधी आमच्या आईची आणि तिच्या मैत्रिणींची माफी मागायला सांगा. सगळ्यांसमोर!"

मालकीणबाईंनी भुवई उंचावून पिकरिंगकडे पाहिलं. पॅकिंगच्या बायका भिंतीशी रांगेत उभ्या होत्या. तो त्यांच्यासमोर गेला आणि खाली मान घालून पुटपुटला, "चूक माझी होती. माफ करा."

मग थेल्माची आई एक पाऊल पुढे आली. कालपर्यंत लेकीला गप्प करणारी आई!

"साहेब, यंत्रांच्या घरघरीत काम करून आमचे कान जरा बधिर झालेत. मोठ्याने बोला."

"माफ करा!" पिकरिंग ओरडला.

"आता आलं ऐकू," आई म्हणाली. "सुट्टी संपली की येतो आम्ही कामावर."